क्लचबाईंनी गाडी आडवी लावली

ज्या बाईनं अर्ध्या शहराला गाडी चालवायला शिकवलं, तिच्यावरच वाहतुकीला अडथळा केल्याचा गुन्हा दाखल झाला. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे बोलता बोलता माझा आवाज चढला तर का चढला असं कुणी विचारायला नको.

मी पडदे शिवते. तळमजल्यावर रस्त्याकडच्या खिडकीला लागून माझं मशीन आहे, आणि बरोबर माझ्या डोक्यावर क्लचबाई राहतात. हे नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण अगदी चपखल ठेवलं. गाडीच्या काचा वर केलेल्या असल्या तरी आतून त्यांची आरोळी माझ्या खिडकीपर्यंत यायची. "क्लच! अहो, क्लच दाबा! तो ब्रेक! माझा जीव घ्यायचं ठरवूनच निघालात का घरून?"

ड्रायव्हिंग स्कूल मुळात त्यांच्या नवऱ्याचं. तो आजारपणात गेला, आणि शिकवणाऱ्याच्याही पायाशी ब्रेक असलेली ती एकुलती एक गाडी कव्हर घालून दारात उभी राहिली. सासऱ्यांचं, म्हणजे आप्पांचं म्हणणं पडलं की विकून टाकावी. क्लचबाई म्हणाल्या, "आणि मी काय करू? घरात बसून तुमचं तोंड बघू?" त्यावर आप्पांनी अबोला धरला. ताट समोर आलं की जेवायचे, पण सुनेकडे न बघता. बाईंनी रीतसर परीक्षा दिल्या, शिकवायचा परवाना काढला आणि पहिलं गिऱ्हाईक यायच्या दिवशी खाली उतरून पाहतात तो आप्पा इस्त्रीचा सदरा घालून मागच्या सीटवर बसलेले. "बघू तरी तुला येतं का," म्हणाले. पुढे कितीतरी दिवस ते मागे बसून सुनेच्या आणि शिकाऊ माणसाच्या अशा दोघांच्याही चुका काढत. गिऱ्हाइकं कंटाळली, पण सासरा-सुनेचं गोत्र तिथंच जुळलं.

आप्पांनी सगळी हयात चष्म्याच्या दुकानात भिंगं घासण्यात घालवली. म्हातारपणी काचबिंदूनं त्यांचेच डोळे धरले. समोरचं दिसायचं, पण बाजूनं येणारं काही म्हणजे काही दिसत नसे. आणि आमच्या रस्त्यावर जे यायचं ते बाजूनंच यायचं, तेही सुसाट.

कारण आमचा रस्ता म्हणजे दोन मोठ्या रस्त्यांच्या मधली पळवाट. दोन्ही बाजूंना राहत्या घरांच्या इमारती, दारं थेट रस्त्यावर उघडणारी. पण पुढचा सिग्नल चुकवायचा तर इथून घुसायचं, ही अक्कल एकदा एकाला आली आणि मग सगळ्या गावाला आली. सकाळ-संध्याकाळ गाड्यांची रांग. मी पांढरं कापड संध्याकाळनंतर कापायची, कारण दिवसा त्यावर काळी पूड बसायची. एके दिवशी आप्पा दाराबाहेर पडले आणि एका गाडीच्या आरशानं त्यांचं कोपर उडवलं. गाडी थांबलीसुद्धा नाही. त्या दिवसापासून त्यांचं एकट्यानं बाहेर पडणं बंद झालं.

समोरच्या इमारतीत त्यांचे जुने दोस्त राहतात, सलूनवाले काका. सलून आता मुलीच्या दिराला चालवायला दिलंय, पण नाव तेच राहिलं. दोघांच्या खिडक्या समोरासमोर. दोघांना बुद्धिबळाचा नाद. रस्ता ओलांडायची भीती, म्हणून दोघं आपापल्या खिडकीत आपापला पट मांडून फोनवर खेळायचे! मधल्या रस्त्यावर हॉर्न इतके वाजायचे की हा इकडून ओरडतोय "घोडा", तिकडं ऐकू जातंय "थोडा". लोकांना त्याची गंमत वाटायची. मला संताप यायचा. दोन म्हातारे चार पावलांवर राहतात आणि परदेशी असल्यासारखे फोनवर बोलतात, यात हसण्यासारखं काय आहे?

असं असताना पालिकेनं पाटी लावली. हा रस्ता प्रायोगिक तत्त्वावर तीन महिने मोटारींसाठी बंद. चालणारे, सायकलवाले येऊ शकतील. रुग्णवाहिका आणि कचऱ्याच्या गाडीसाठी एका टोकाला आडवा दांडा, त्याची किल्ली कोपऱ्यावरच्या दवाखान्यात. रहिवाशांच्या गाड्या पाण्याच्या टाकीमागच्या मैदानात.

त्यावर शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. कोपऱ्यावरचा फर्निचरवाला सगळ्यात आधी उठला. "लोक सोफा काय डोक्यावर घेऊन जाणार? रस्ता बंद म्हणजे माझं दुकान बंद." त्याचं अगदीच चूक होतं असं नाही. पण तो तिथं थांबला नाही. म्हणाला, "आणि नुसतं माझंच नाही, आपल्या ड्रायव्हिंगवाल्या बाईंचं पोटही गाडीवरच आहे. विचारा त्यांना."

सगळ्यांच्या माना वळल्या. क्लचबाई उठल्या. "बंद करा," म्हणाल्या. "तीन महिने कशाला, कायमचा करा."

"अहो, तुम्हीच असं म्हणता? तुम्ही तर गाड्या शिकवता!"

"म्हणूनच म्हणते. इथून जाणाऱ्यांतल्या निम्म्यांना मी शिकवलंय. ते कसे चालवतात ते मला विचारा!"

हॉल हसला, पण फर्निचरवाला हसला नाही.

दोन्ही तोंडांना मोठाल्या सिमेंटच्या कुंड्या आल्या. त्यात लावलेली रोपं आधीच मान टाकलेली. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनीच शिव्या दिल्या, मीसुद्धा. पडद्यांचे गठ्ठे टेम्पोनं दारात यायचे, ते आता मला हातगाडीवर ढकलत आणावे लागत होते. क्लचबाईंना रोज उन्हातून मैदानापर्यंत चालत जाऊन गाडी काढावी लागे. दोन गिऱ्हाइकांनी "दारातून नेणार नसाल तर नको" म्हणून शिकवणी सोडली. बाई म्हणाल्या, "ज्याला मैदानापर्यंत चालवत नाही तो गाडी काय चालवणार!"

आणि मग हळूहळू रस्त्याचा आवाज बदलला. एके दुपारी मी मशीन चालवता चालवता थांबले, कारण काहीतरी वेगळंच ऐकू येत होतं. समोरच्या तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी गात होतं. इतकी वर्षं गात असणार, मला पत्ताच नव्हता. फर्निचरवाल्याची आई, जी आम्ही फक्त गॅलरीत कपडे वाळत घालताना पाहायचो, ती संध्याकाळी स्लिपर घालून रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायला लागली. माझ्या खिडकीशी थांबून म्हणाली, "डॉक्टर कधीचा चाला म्हणतोय. चालू कुठं? सोफ्यावर?"

आप्पा आणि सलूनवाले काका भेटले त्या दिवसाचं काय सांगू! रस्त्याच्या मधोमध स्टूल, त्यावर पट, दोन्ही बाजूंना खुर्च्या. फोनवर अर्धवट राहिलेला डाव पुढे खेळायचा म्हणून दोघांनी आपापले पट आठवून मांडायला घेतलं, आणि पाहतात तो आप्पांचा वजीर काकांच्या हिशेबी केव्हाच मेलेला, आणि आप्पांच्या हिशेबी जिवंत!

"लबाडा! मी तो उंटानं मारला होता!"

"मला ऐकूच आलं नाही. मी काय करू?"

"तुला बरोबर आपला वजीर मेलेला ऐकू येत नाही, हां?"

दोघं इतके भांडले की खिडक्या उघडल्या. क्लचबाई शिकवणीहून परत येत होत्या, त्यांनी दोघांच्या मधे उभं राहून दटावलं, "आता पहिल्यापासून मांडा, नाहीतर दोघांनाही वर पाठवते." मग मांडला. त्या दिवसापासून रोज सकाळी काका पटाची पेटी काखोटीला मारून रस्ता ओलांडून यायचे. ना डावीकडं बघायचे, ना उजवीकडं. कशाला बघतील?

हे सगळं महिना-सव्वा महिना चाललं. तीन महिने, असं पाटीवर छापलेलं होतं. एका सकाळी क्रेन आली आणि कुंड्या उचलायला लागली.

क्लचबाई तशाच, ओल्या केसांवर टॉवेल गुंडाळलेला, खाली धावल्या. क्रेनबरोबर पालिकेचा एक तरुण इंजिनिअर होता, ज्यानं कुंड्या बसवल्या होत्या तोच. त्याची नजर वर होत नव्हती.

"मुदत संपली का?"

"नाही, बाई."

"मग?"

"वरून आदेश आहे. प्रयोग अयशस्वी."

"कुणी ठरवलं?"

"रहिवाशांचा विरोध आहे, असं..."

"मी रहिवासी नाही? ही पडदेवाली रहिवासी नाही? आम्हाला कोण विचारायला आलं होतं?"

कुंडी हवेत लोंबकळत होती, तिच्यातली माती भुरभुर खाली पडत होती. आणि चीड कशाची आली सांगू? त्या मान टाकलेल्या रोपांनी नुकती कुठं पालवी धरली होती. आम्ही घरोघरचं पाणी घालत होतो त्यांना.

बाई त्याच दिवशी पालिकेत गेल्या, मला बरोबर घेऊन. या टेबलावरून त्या टेबलावर फिरून शेवटी मोठ्या साहेबांपुढे उभ्या राहिलो. त्यांनी बसा म्हटलं नाही, म्हणून बाई आपणहोऊन बसल्या. साहेब म्हणाले, "व्यापाऱ्यांचं शिष्टमंडळ भेटून गेलं. शिवाय मुख्य मुद्दा सुरक्षेचा आहे. उद्या रुग्णवाहिकेला वाट मिळाली नाही तर जबाबदार कोण?"

"दांडा आहे. किल्ली दवाखान्यात आहे. तुम्हीच ठेवलीय."

"ते सगळं ठीक आहे हो. पण तुमचा यात काय संबंध? तुम्ही ड्रायव्हिंग स्कूलवाल्या ना?"

"मी तिथं राहते. एवढा संबंध पुरे नाही?"

साहेबांनी घंटी वाजवली आणि शिपायानं दार उघडून धरलं. उत्तर म्हणून आम्हाला ते उघडं दार मिळालं.

रस्ता उघडला आणि गाड्या अशा आल्या की जणू राहिलेली कसर भरून काढायचीय. आम्ही सगळे पुन्हा भिंतीला चिकटून चालायला लागलो. पण सवय लागली होती ना! वाईट सवय मोडायला वर्षं लागतात, आणि चांगल्या सवयीनं काकांचा पाय मोडला. त्या सकाळी ते नेहमीसारखी पेटी काखोटीला मारून निघाले आणि मधोमध आले.

मी मशीनवर होते. आधी हॉर्न ऐकू आला, लांबलचक. मग ब्रेक. मग सोंगट्या घरंगळल्याचा आवाज, तो मी कधी विसरणार नाही.

मी धावले, वरून क्लचबाई धावल्या. काका रस्त्यावर एका कुशीवर, पाय भलतीकडंच वळलेला, आणि तोंडातून आवाज नाही. गाडीतून एक चाळिशीतला गृहस्थ उतरला. टाय लावलेला, ऑफिसला निघालेला. बाईंना पाहून त्याचा चेहरा पडला.

"मॅडम... तुम्ही अजून इथंच राहता?"

त्यांचाच शिकलेला निघाला.

"मॅडम, मी हॉर्न दिला होता हो! शपथ!"

आमच्या बाई आरडाओरडा करतील असं मला वाटलं होतं. त्यांचा आवाज इतका खाली आला की मला वाकून ऐकावं लागलं. "हॉर्न दिला होता," त्या म्हणाल्या. "मी शिकवलं होतं का तुम्हाला, की हॉर्न दिला म्हणजे समोरच्यानं मरायला तयार राहायचं?" आणि त्यांनी हात पुढे केला. त्यानं निमूट गाडीची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

रुग्णवाहिका बोलावली. आणि ऐका आता. साहेबांचं ते मोठं कारण आठवतं ना? ज्या रस्त्यावर महिनाभर रुग्णवाहिका कुठल्याही क्षणी आत येऊ शकली असती, त्या रस्त्यात ती आता अडकली. पुढे गाड्या, मागे गाड्या, सगळ्यांना सिग्नल चुकवायचाय. तिचा भोंगा कोपऱ्यावरून ऐकू येत होता आणि ती हलत नव्हती. शेवटी दोघं जण स्ट्रेचर घेऊन गाड्यांच्या फटीतून पळत आले. आप्पा जिन्याच्या दारात उभे होते. त्यांना बाजूचं दिसत नाही, म्हणून मान सारखी इकडं तिकडं फिरवत विचारत होते, "कोण पडलंय? अरे, कोण पडलंय, सांगा ना कुणीतरी!"



काकांना नेलं. क्लचबाईंनी त्या गृहस्थाची किल्ली पंचनाम्याला आलेल्या हवालदाराच्या हातात दिली, सोंगट्या गोळा केल्या, पेटी आप्पांपाशी ठेवली आणि त्या मैदानाकडं चालत गेल्या. थोड्या वेळानं त्यांची गाडी रस्त्याच्या तोंडाशी आली. डोक्यावर ती शिकाऊची पाटी. बाईंनी ती अशी सफाईनं वळवली की पुढचं चाक रस्त्याच्या या कडेला टेकलं आणि मागचं त्या. हँडब्रेक ओढला, खाली उतरल्या, दार लावून घेतलं आणि बॉनेटला टेकून उभ्या राहिल्या.

हॉर्नचा नुसता कल्लोळ. बायांना गाडी चालवता येत नाही, तो ठरलेला विनोदही कुणीतरी केलाच. बाई म्हणाल्या, "येते. म्हणूनच एका दमात लावली."

मघाचाच हवालदार आला. तो भला माणूस होता, हात जोडून म्हणाला, "बाई, मलाही नोकरी आहे."

"तुम्ही तुमचं काम करा. लिहा गुन्हा. पण मी गाडी काढणार नाही. यांनी तीन महिने म्हटलं होतं. तीन महिने होईपर्यंत इथून मोटार जाणार नाही."

मी घरातून खुर्ची आणली आणि त्यांच्या शेजारी बसले. मला भाषण येत नाही, बसता येतं. मग तिसऱ्या मजल्यावरची गाणारी आली. मग दवाखान्यातली नर्स. मग हळूहळू करत फर्निचरवाल्याची आई आली आणि उभी राहिली. दुकानाच्या दारात तिचा मुलगा.

"आई, तू घरी जा बघू."

"गुडघे दुखतायत. खुर्ची आण."

"आई, लोक बघतायत!"

"मग चांगलीतली आण."

त्यानं आणली. प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. म्हातारी त्या चर्रचर्र वाजणाऱ्या प्लास्टिकवर बसली आणि दुपारपर्यंत उठली नाही. तो मात्र आजही क्लचबाईंशी बोलत नाही. आमच्या इथं हृदयपरिवर्तन वगैरे काही झालं नाही.

संध्याकाळी गाडी उचलून नेली. बाईंवर गुन्हा लागला आणि ड्रायव्हिंग स्कूलचा परवाना महिनाभर निलंबित झाला. म्हाताऱ्याचा पाय मोडणारा जामिनावर दुसऱ्या दिवशी कामावर, आणि रस्ता अडवणारीचा धंदा महिनाभर बंद! न्याय म्हणतात तो हाच. गाडी गेली तरी आम्ही खुर्च्या काढल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो, तिसऱ्या दिवशीही. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात ती प्लास्टिकची खुर्ची अगदी मधोमध. आठवडा उलटायच्या आत क्रेन परत आली. तोच इंजिनिअर, त्याच कुंड्या. या वेळी त्यानं वर पाहिलं. प्रयोग उरलेली मुदत पुरी करेल, म्हणाला. मुदत संपल्यावर पालिकेनं रस्ता कायमचा बंद केला. फर्निचरवाल्याचा माल सकाळी ठराविक वेळात दांडा उघडून आत येतो, आणि दुकान काही बंद पडलेलं नाही.

उद्घाटनाला पालिकेनं मंडप घातला. मोठे साहेब आले, फीत कापली, नागरिकांच्या सहभागाबद्दल बोलले. त्याच तोंडानं! क्लचबाईंना व्यासपीठावर बोलावलं. त्या गेल्या. साहेबांनी फुलं पुढे केली, तर त्यांनी हात मागे घेतले.

"फुलं नकोत. तुम्ही समोरच्या इमारतीत चला. पहिला मजला आहे. तिथं एक माणूस पलंगावर आहे. तुम्ही कुंड्या उचलल्या नसत्या तर तो आज इथं तुमच्या पुढ्यात बसला असता. त्याला तोंडानं सांगा की चूक झाली."

साहेब हसले, जसं लहान मुलाच्या हट्टाला हसतात. "हो हो, येऊ की, नक्की येऊ," म्हणाले, आणि गाडीत बसून गेले.

काकांच्या पायात सळई आहे. वॉकर धरून दारापर्यंत येतात, आप्पा त्यांचं कोपर धरतात, आणि कोण कुणाला सांभाळतोय ते कळत नाही. तो इंजिनिअर एका रविवारी आपणहोऊन येऊन गेला. काकांपाशी बराच वेळ बसला. काय बोलला ते काकांनी कुणाला सांगितलं नाही. "पोरगा बरा आहे," एवढंच म्हणाले.

मोठे साहेब आले नाहीत. म्हणून क्लचबाई दर सोमवारी पहिली शिकवणी आटोपून पालिकेत जातात. शिपाई आता त्यांना ओळखतो. "साहेब मीटिंगमध्ये आहेत," तो सांगतो. "असू दे, मला वेळ आहे," म्हणत बाई बाकावर बसतात. एकदा आतून चहा आला. त्यांनी तो तसाच परत पाठवला आणि निरोप दिला, "चहा आमच्याकडंच घेऊ म्हणावं. पत्ता त्यांना माहीत आहे."